आमटीचं तिसरं टोक

धुळ्यात आमटी गोड करायची रीत नाही. काळ्या मसाल्याचा तवंग, वरून लसणाची फोडणी आणि खाणाऱ्याच्या कपाळावर घाम, अशी तिकडची आमटी. त्यामुळे त्या दुपारी देवपुरातल्या भदाण्यांच्या घरी हेमराज भदाण्यांनी पहिला भुरका घेतला आणि वाटी हळूच खाली ठेवली, यात त्यांचा काही दोष नव्हता.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं. वैतागले की ते अहिराणीवर येत. मग सावरून म्हणाले, "नाही, विहीणबाई जेवायला येणार असतील तर तसं सांग. मी बासुंदी समजूनच पितो."

वृषालीने पळी बुडवून चाखली. गूळ होता, आणि चांगला बोराएवढा होता. तिने घातला नव्हता. मसाल्याच्या डब्याने घातला होता, आणि डब्याला तसं सांगितलं होतं सह्याद्रीच्या पलीकडून, गुहागरहून, तिच्या लेकीच्या सासूबाईंनी. शुभदा खातूंनी.

हे कळायचं तर ‘एकचूल’ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

पूर्वी लोक ‘आमची चूल एक आहे’ असं अभिमानाने सांगत. म्हणजे घर फुटलेलं नाही. पुढे मुलं चारी दिशांना गेली, बोलण्यातली चूल राहिली आणि खरी विझली. ती पुन्हा पेटवायचं कुणाला तरी सुचलं. एकचूल घेतली की प्रत्येक घरात तीन वस्तू येत. एक मसाल्याचा डबा, ज्याच्या वाट्यांना बारीक झडपा असत आणि जो ठरल्या मापाने मसाला भांड्यात सोडे. एक पळी, जी शिजणाऱ्या पदार्थाची चव मोजे. आणि जेवायचे चमचे. चमच्याच्या टोकाला जिभेवरच्यासारख्या पेशींचा पापुद्रा बसवलेला असे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तो खारट, आंबट, गोड, तिखट तर ओळखेच, पण लाळ किती सुटली, दुसरा घास किती घाईने घेतला, यावरून खाणाऱ्याला काय हवंहवंसं वाटतंय तेही ताडे. हे सगळं फोनच्या पडद्यावर पदार्थागणिक चार रंगीत पट्ट्यांत दिसे. तिखटाची लाल, गोडाची पिवळी, आंबटाची हिरवी, मिठाची पांढरी. पट्टी बोटाने वर सरकवली, किंवा कुणाच्या चमच्याने तशी मागणी केली, की जोडलेल्या सगळ्या घरांतले डबे तेवढं जास्त घालत. आणि उलटंही होई. कुणी पट्टीला हात न लावता भांड्यात चिमूटभर मीठ वाढवलं, तर पळीला ते कळे आणि सगळ्यांच्या पडद्यावरची पांढरी पट्टी आपोआप वर चढे.

वृषालीला याचं नवल वाटलं नव्हतं. चाळिशीच्या आधीची सगळी वर्षं ती नाशिकच्या एका लहानशा कंपनीत मोबाइलची ॲप बनवत होती. तेव्हा लोक फोनवर बोटांनी टाइप करत. पडद्यावर नावाचा एक चौकोन असे आणि आत कुठेतरी साठवलेलं नाव असे. साठवलेलं बदललं तर चौकोनात दिसे. पण चौकोनात बदललेलं आत पोचवायला निराळा कोड लिहावा लागे, आणि तो प्रत्येक चौकोनासाठी. घाण्याच्या बैलाचं काम. मग दुहेरी बांधणी आली. चौकोन आणि साठवण यांची एकदा गाठ मारली की कुठल्याही टोकाने बदल करा, दुसरं टोक आपलं आपण बदले. नव्या मुलींना शिकवताना वृषाली सांगायची की दोघी जणी धुतलेली गोधडी दोन टोकांना धरून पिळतात ना, तसंच हे. एकीने पीळ दिला की दुसरीच्या मनगटाला कळतो. कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

या गाठीने तिला रडवलंही होतं. एका ॲपमध्ये वजनाचा चौकोन आणि किमतीचा चौकोन एकमेकांना बांधलेले होते. वजन बदललं की किंमत बदले, किंमत पूर्णांकात बसवताना वजन तसूभर हले, ते हललं की पुन्हा किंमत हले. दोघांची टोलवाटोलवी थांबेचना, आणि फोन इतका तापे की त्यावर पापड भाजावा. तिचे वरिष्ठ देवधर तेव्हा म्हणाले होते, "टोकं कुणीही बांधेल. कुणी कधी गप्प बसायचं ते ठरवायला डोकं लागतं."

तेव्हा ही बांधणी पडद्यापुरती होती. आता ती माणसांच्या भांड्यांत उतरली होती.

एकचूल घरात आणली ती लेकीने, ओवीने. ती आणि जावई शर्विल होबार्टला असत, ऑस्ट्रेलियाच्याही खाली, जिथून पुढे फक्त बर्फ. दोघंही समुद्री शेवाळाच्या शेतीवर संशोधन करत. गेल्या वर्षी ओवीने अगदी सुरुवातीलाच दिवस गेल्याचं आनंदाने सगळ्यांना सांगून टाकलं, आणि थोड्याच आठवड्यांत ते सगळं संपलं. मग दोन्ही घरच्यांनी तिला धीर दिला. इतका दिला, इतक्या जणांनी दिला, की ओवीने फोनवर हवापाण्याखेरीज काही बोलणंच सोडून दिलं. वृषालीने काही विचारलं की "बरंय गं", शुभदाताईंनी काही विचारलं की "बरंय, अहो आई". त्यानंतर एक दिवस धुळ्याला आणि गुहागरला एकेक खोकं आलं. सोबत ओवीचा आवाज होता. "मला बोलायला सुचत नाही. तुम्ही दोघी मला जेवायला घाला."

तेव्हापासून वृषालीच्या हातात लेकीकडे जाणारी हीच एक दोरी होती, आणि ती तुटेल या भीतीने ती रोज दोनदा आमटीकडे बघे.

गंमत अशी की ओवीचं टोक कधी हललंच नाही. तिच्या चमच्याने काहीच मागितलं नाही. पुढ्यात येईल ते ती खाई, गोड नाही की तिखट नाही. मोकळं मैदान सापडल्यावर दोन्ही आया त्यात उतरल्या. पोरीला चव नाही, म्हणून वृषालीने लाल पट्टी वर नेली. पोर कोमेजलीय, म्हणून शुभदाताईंनी पिवळी वर नेली. वृषालीने पिवळी उतरवली. शुभदाताईंनी लाल उतरवली. आणि आमटी तिन्ही घरांची एकच असल्यामुळे धुळ्यात हेमराज गूळ गिळत होते, गुहागरात शुभदाताई पदराने नाक पुसत होत्या, आणि होबार्टमध्ये दोघं जण रोज ताटाला नमस्कार करून काय वाढून ठेवलंय ते बघत होते.

विहिणींचे फोन होत, पण फार अदबीने. अदब विहिणींच्या भांडणात नेहमीच असते.

शुभदाताई म्हणायच्या, आमच्या शर्विलला लहानपणापासून आमटीत गुळाचा खडा लागतो, तुमच्याकडे उन्हाळा फार ना, म्हणून तिखटाची सवय असेल. वृषाली म्हणायची, अहो बरोबर आहे तुमचं, आमची ओवी तिखटावर वाढली म्हणून तर खणखणीत बोलते, गोड बोलणं काही आम्हाला जमलं नाही बाई. ओवीच्या कानावर हे गेलं. त्या आठवड्यात ती हवापाण्यापलीकडचं पहिलं वाक्य बोलली. हसतच बोलली.

"आई, तुमचं असंच चालणार असेल तर मी चूल वेगळी करते हं."

वृषालीने तोंडाला आणि बोटाला आवर घातला. तिकडे शुभदाताईंनीही घातला असावा, कारण लाल आणि पिवळ्या पट्ट्या दोन-चार दिवस नुसत्या डुलत राहिल्या. आणि मग हिरवी चढायला लागली.

पहिल्यांदा केसभर. मग बोटभर. मग आमटी अशी आंबट झाली की हेमराजांनी एक डोळा मिटून दुसऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि सांगितलं की तांब्याची भांडी घासायला ती उत्तम आहे.

वृषालीला वेगळा पुरावा नको होता. शुभदा खातूंचा आमसुलांचा व्यवसाय होता. गुहागरात त्यांच्या अंगणात उन्हाळाभर रातांब्याची सालं वाळत पडत, त्यांचं कोकम सरबत पार पुण्यापर्यंत जाई. गूळ जमला नाही तर आता आमसूल! तिने हिरवी पट्टी खाली ओढली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर होती. तिने फोन लावला आणि अदब थोडी कमी केली. म्हणाली, विहीणबाई, यंदा आमसुलं खपली नाहीत वाटतं. पलीकडून शुभदाताई म्हणाल्या, मी हेच विचारायला फोन उचलत होते, की धुळ्यात चिंच स्वस्त झालीय का?

"म्हणजे तुम्ही नाही?"

"मी कशाला? तुम्हीच ना?"

"मी?"

दोघींचाही एकमेकींवर तिळमात्र विश्वास बसला नाही. दोघीही रागाने "बरं, ठेवते" म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी वृषालीने प्रवासाची तयारी केली. भांडायचं तर समोरासमोर. फोनवर ओवीच्या कानावर गेलं असतं, पोर वैतागून खरंच गाठ सोडून मोकळी झाली असती. निघताना तिने धुळ्याचा डबा पार बंद केला. हेमराजांची जेवणाची सोय त्यांच्या भावाकडे लावली. ते दुःखी दिसायचा प्रयत्न करत होते.

कुंभार्ली घाट उतरताना विनाचालक बस प्रत्येक वळणावर नम्रपणे सूचना देत होती, आणि वृषाली मनातल्या मनात विहिणीशी बोलायची वाक्यं जुळवत होती. पिशवीत भरताची वांगी होती. भांडायला गेलं तरी विहिणीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

शुभदाताईंनी दारातच पायांवर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं, वांग्यांचं तोंडभरून कौतुक केलं. मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. भिंतीवर एकचुलीचा पडदा होता. शुभदाताई उंच, ताठ कण्याच्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घालणाऱ्या. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. म्हणाल्या, माझ्या समोर बसा, माझ्या हातांकडे बघा, आणि मी तुमच्या हातांकडे बघते.

वृषालीला ही तपासणी एकदम पटली. कुठे गडबड होतेय ते कळत नसेल तर एकेक टोक सोडवून बघायचं, ही तर तिची जुनी विद्या. तिने सांगितलं की धुळ्याचा डबा बंदच आहे. शुभदाताईंनी आपलाही बंद केला, पळी धुऊन उलटी टांगली. होबार्ट इथल्यापेक्षा चार-पाच तास पुढे, त्यामुळे इथली दुपार कलली की ओवीच्या घरी रात्रीचं पान वाढलं जाई. तोवर दोघींनी वाट पाहायची ठरवलं. बाहेर माडांच्या झावळ्या सळसळत होत्या. हात मांडीवर ठेवून दोन प्रौढ बाया भिंतीकडे बघत बसल्या होत्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीही इतक्या शहाण्या बसत नाहीत.

आणि हिरवी पट्टी हलली.

दोघींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिलं. चारही हात जागच्या जागी होते. पट्टी आणखी वर गेली, जरा थबकली, पुन्हा वर गेली. घासागणिक.

वृषालीला आधी वाटलं, पुन्हा तेच, दोन टोकांची टोलवाटोलवी. पण टोलवायला दुसरं टोक चालू लागतं आणि इथे दोन्ही बंद होती. मग तिच्या ध्यानात आलं. या गाठीला तीन टोकं होती. इतके महिने तिसरं टोक इतकं निपचित होतं की दोघीही ते विसरून गेल्या होत्या.

"ओवी मागतेय," ती हळूच म्हणाली. "तिचा चमचा मागतोय."

"आंबट?"

"आंबट."

शुभदाताई उठल्या. पडद्याजवळ गेल्या आणि एकेक पदार्थ सरकवून बघायला लागल्या. कॉफीवर त्यांचं बोट थांबलं. ओवीला दिवसातून तीनदा कडक कॉफी लागे, तिच्या लग्नात शर्विलने त्यावरूनच उखाणा घेतला होता. कॉफीच्या सगळ्या पट्ट्या तळाला टेकल्या होत्या. वास सहन होत नसणार. शुभदाताईंनी वळून पाहिलं.

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दोघींनाही ते पहिल्यांदाच जमत होतं, त्यामुळे शुभदाताईंची वेणी वृषालीच्या मंगळसूत्रात अडकली. ती सोडवता सोडवता दोघी रडल्या आणि हसल्या, आणि शुभदाताई म्हणाल्या की शर्विलच्या वेळी मी चुलीतली राख खात होते, तुमची लेक त्या मानाने गरीब आहे.

वेणी सुटल्याबरोबर त्यांनी फोन उचलला. वृषालीने त्यांचं मनगट धरलं.

"नको, शुभदाताई."

विहीणबाईच्या ताई झाल्या, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

वृषालीने समजावलं. तीन महिने होईतो सांगू नये म्हणतात ते उगाच नाही. गेल्या वेळी तिने आधी सांगितलं आणि मग प्रत्येकाला पुन्हा एकदा सांगावं लागलं. आता ती मुद्दाम गप्प आहे. आपल्याला कळलंय हे तिला कळलं तर तिला वाटेल, आपल्या जेवणाच्या ताटातही आपल्याला आडोसा नाही. मग ती ही गाठ सोडेल, आणि पुन्हा हवापाणी.

"मग करायचं काय? नुसतं बसायचं?" शुभदाताईंनी विचारलं. त्यांच्या घराण्यात कुणी नुसतं बसलेलं नव्हतं.

तोच खरा पेच होता. गाठ सोडावी, तर पोरीला डोहाळे लागलेले असताना दोन्ही आयांनी चूल काढून घेतली असं व्हायचं. ठेवावी, तर आपण इकडे जे करू ते तिकडे दिसणार. एखादीने काळजीपोटी हिरवी पट्टी आणखी वर नेली, की संपलं. वृषालीने पडद्यावर दोघींच्या नावांपुढचे बारीक बाण शोधून काढले. एक येणारा, एक जाणारा. जाणारा बाण तिने पुसून टाकला, आधी स्वतःचा, मग शुभदाताईंचा.

"आता आपल्याकडून काही जाणार नाही," ती म्हणाली. "तिच्याकडून येईल तेवढंच. तिला जे हवंय ते तिचा डबा तिला देईल, ती जो पदार्थ करील तोच आपण करू, आणि तेच आपल्या ताटात पडेल. आपण बोलायचं नाही, शुभदाताई. फक्त जेवायचं."

बोलायला सोपं होतं. पण ओवी दुपारी काय खाईल याची आज्ञा वर्षभर देत आलेल्या बाईला ते किती जड गेलं, ते तिचं तिला ठाऊक.

धुळ्याला परतल्यावर हेमराजांच्या जिभेचे हाल सुरू झाले. त्यांना सांगायचं नाही असं विहिणींनी एकमताने ठरवलं होतं. हेमराजांच्या पोटात आमटी राहत असे, गुपित राहत नसे. त्यामुळे आज आमटी आंबटढाण का, उद्या अळणी का, परवा भाताबरोबर कैरीचा तक्कू का, याचं उत्तर त्यांना मिळेना. मोकाट सुटलेल्या डब्याची कंपनीकडे तक्रार करा, असं ते रोज सुचवत.

वृषाली मात्र त्या ताटातून लेकीला वाचत होती. आज सकाळी तिला मळमळलं, कारण पोह्यांची पट्टी सुरू होऊन लगेच पडली. आज बरी आहे, दोनदा दहीभात. दर दुपारी शुभदाताईंचा फोन येई आणि दोघी अर्धा तास त्या दिवसाच्या घासांवर बोलत. बाहेरच्याला वाटावं, दोन बाया शेअर बाजारावर बोलतायत. चढ, उतार, आज स्थिर. मध्येच विषय भरकटे आणि शुभदाताई सांगत की पंचविशीत त्यांना गाणं शिकायचं होतं, वृषाली सांगे की नाशिकच्या कंपनीत ती एकटी बाई होती तेव्हा डब्यातला ठेचा हेच तिचं शस्त्र होतं. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना मानपानाच्या साड्यांखेरीज काही दिलं नव्हतं.

मग एके दिवशी पट्ट्या हलल्याच नाहीत.

चारही रंग तळाला. सकाळी नाही, दुपारी नाही. ओवीने घासभरही खाल्लं नव्हतं. वृषालीने पडदा बंद करून चालू केला. शुभदाताईंचा फोन आला. दोघी नुसत्या फोन धरून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या सकाळी शुभदाताईंनी खरोखर देव पाण्यात घातले. तांब्याच्या घंगाळात बाळकृष्ण, वर पाणी, आणि त्या शेजारी पाटावर. वृषालीचा देवावर तेवढा भरवसा नव्हता. तिचा अंगठा ओवीच्या नावावर होता. नुसता टेकवला की बोलणं सुरू. काय झालं गं, एवढं तर विचारायचं. पण विचारलं आणि खरंच काही झालेलं असलं, तर पोरीला ते गेल्या वर्षीसारखं पुन्हा आपल्या तोंडाने सांगावं लागणार. आणि काही झालेलं नसलं, तर आपण तिच्या ताटात डोकावतोय हे तिला कळणार. तिने अंगठा उचलला. पुन्हा टेकवायला नेला, पुन्हा उचलला. शेवटी फोन तांदळाच्या डब्यात खुपसून ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि कोरडे कपडेच पुन्हा वाळत घालून आली.

खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात हेमराज खोकत होते.

"डबा सुटला पुन्हा," त्यांनी डोळे पुसत सांगितलं. "पिठल्यात काय घातलंय बघ. मिरचीचा भपकारा आलाय."

वृषाली पडद्याकडे धावली. लाल पट्टी टोकाला लागली होती. आंबट नव्हे, गोड नव्हे. तिखट! अस्सल, खणखणीत, खानदेशी तिखट. तिने तांदळातून फोन काढला. पलीकडे शुभदाताई आधीच हसत होत्या आणि नाक ओढत होत्या, आणि ते नाक रडून वाहत होतं की पिठल्याने, हे सांगणं कठीण होतं.

"तुमचंच पोरटं आहे ते," त्या म्हणाल्या. "चला, मी देव बाहेर काढते. सर्दी व्हायची त्यांना."

त्यानंतर दिवस भराभर गेले. एका रविवारी दुपारी ओवीने दोन्ही घरांना एकदम फोन लावला. पडद्याच्या एका अर्ध्यात ओवी आणि शर्विल, दुसऱ्यात शुभदाताई. ओवीचे गाल वर आले होते. ती म्हणाली, तुम्हा दोघींना एक सांगायचंय. आणि सांगितलं.

वृषालीने आश्चर्याचा चेहरा तयारच ठेवला होता. तो बरा वठला. शुभदाताईंनी मात्र दोन्ही हात गालांवर ठेवले, "अगं बाई" म्हणाल्या, पुन्हा "अगं बाई" म्हणाल्या आणि मागच्या खुर्चीवर इतक्या जोरात बसल्या की खुर्ची सरकली. नाटक कंपनीने पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं.

ओवी गालात हसत बघत होती. मग म्हणाली, "अहो आई, राहू द्या. मला माहितीये तुम्हाला कळलंय ते."

"कसं?" वृषालीच्या तोंडून निघून गेलं.

"आई, गाठ दोन्हीकडून असते ना? तुम्हाला माझ्याकडचं दिसतं तसं मलाही तुमच्याकडचं दिसतं. वर्षभर तुमचा गूळ आणि तुमचं तिखट माझ्या आमटीत मारामाऱ्या करत होते. आणि एक दिवस दोघी एकदम गप्प. मी शर्विलला म्हटलं, एक तर दोघी आजारी पडल्यात, नाहीतर दोघींना कळलंय."

"मग बोलली का नाहीस गं?"

शर्विलने ओवीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही विचारत नव्हतात," ती म्हणाली. "कळलेलं असून विचारत नव्हतात. मला रोज वाटायचं, आज फोन येईल, आज येईल. आला नाही की दोन घास जास्त जायचे मला."

ओवी बोलत राहिली. जे दोन दिवस पट्ट्या पडल्या होत्या त्या दिवसांत ती दवाखान्यात होती. थोडं रक्त दिसलं म्हणून धावत गेली होती, खायची शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी झोपवून ठेवलं, तपासलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. घरी आल्यावर तिला एकदम भूक लागली, पिठल्याची आणि ठेच्याची. शर्विलने मिरच्या भाजल्या तेव्हा शेजारच्या बाईंनी आग लागली म्हणून दार वाजवलं. हे सगळं सांगताना ती हातवारे करत होती, मध्येच स्वतःशी हसत होती. वर्षभरात साठलेलं असं ओघाने येत होतं आणि त्यात हवापाणी औषधालाही नव्हतं. पट्ट्यांवरून वृषालीला त्या दोन दिवसांतली भूक तेवढी कळली होती. त्यातली भीती कुठल्याच रंगात उमटली नव्हती. ती गप्प बसून ऐकत राहिली. त्याचा तिला आता सराव झाला होता.

"थांबा, ऐकवते," ओवी म्हणाली आणि दवाखान्यातलं ध्वनिमुद्रण लावलं.

खोलीभर आवाज भरला. धकधक, धकधक, धकधक, घाईत असलेल्या कुणाचा तरी.

तेवढ्यात हेमराज बाहेरून आले. सारी नोकरी वीजखात्यात गेलेली, त्यांनी दारातच कान टवकारले. "कुठली मोटर चालू आहे ही? फार जोरात फिरतेय. बेअरिंग गेलं असेल."

"बेअरिंग ठणठणीत आहे," वृषाली म्हणाली. "नातवंड आहे ते तुमचं."

हेमराज जागच्या जागी उभे राहिले. पडद्यातून लेकीने हात हलवला, तिकडून विहीणबाईंनी हलवला. ते बघत राहिले, ऐकत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश काहीतरी उमगत गेलं.

"म्हणजे ती आंबट आमटी," ते म्हणाले, "आणि तो कैरीचा तक्कू, आणि ते पिठलं..."

"ओवीचे डोहाळे होते."

"आणि मी रोज नावं ठेवत होतो."

कुणी काही म्हणायच्या आत ते आत गेले. सकाळची आमटी पातेल्यात उरली होती, त्या दिवशीची तर फारच आंबट. त्यांनी ती मोठ्या वाटीत ओतून घेतली, पुन्हा दारात येऊन उभे राहिले, आणि ठोक्यांच्या त्या आवाजात, एकदाही डोळा न मिटता, उभ्याउभ्याच पिऊन टाकली.